आज्ञा आणि पोच : मल्टिव्ह्यूअरचे मजकुरी नियंत्रण

मल्टिव्ह्यूअर अनेक कॅमेऱ्यांची, सर्व्हरांची आणि बाहेरून येणाऱ्या फीडची चित्रे एकाच पडद्यावर चौकटी पाडून दाखवतो. चार, नऊ किंवा सोळा चौकटी ही नेहमीची मांडणी. पीसीआरच्या, म्हणजे प्रॉडक्शन कंट्रोल रूमच्या, भिंतीवर पूर्वी ओळीने लावलेल्या छोट्या मॉनिटरांचे काम आता बहुतेक ठिकाणी हेच यंत्र करते. कोणती चौकट कुठे, किती मोठी आणि तिच्यात कोणते चित्र, हे यंत्राच्या दर्शनी बटणांवरून ठरवता येते, तसेच निर्मात्याने दिलेल्या सॉफ्टवेअरमधूनही. पण यंत्र दुसऱ्या खोलीतल्या रॅकमध्ये असते आणि कार्यक्रम चालू असताना मांडणी बदलायची असते, तेव्हा ही दोन्ही साधने अपुरी पडतात. मग एखादे कंट्रोल पॅनल किंवा संगणकातला प्रोग्राम सिरियल तारेवरून अथवा नेटवर्कवरून यंत्राला मजकुराच्या ओळी पाठवतो. यंत्र त्या वाचते, पाळते आणि उत्तर देते.

नियंत्रणासाठी मजकूरच वापरला पाहिजे असे नाही. व्हिडिओ टेप रेकॉर्डरांसाठी सोनीने रूढ केलेली नऊ पिनांची पद्धत आरएस-४२२ तारेवर, ३८,४०० बॉडने, विषम पॅरिटीसह चालते. तिच्यातले बाइट म्हणजे नुसते आकडे. अशी भाषा आटोपशीर असते, पण डोळ्यांनी वाचता येत नाही. मजकुरी आज्ञा थोड्या लांबतात. त्या बदल्यात कोणत्याही टर्मिनल प्रोग्रामातून त्या हाताने टाइप करून पाहता येतात आणि दोष यंत्रात आहे, तारेत आहे की आपल्या प्रोग्रामात, हे लगेच उलगडते. इंजिनिअरांना मजकूर आवडतो तो एवढ्याचसाठी.

सिरियल जोडणी बहुधा आरएस-२३२ प्रकारची असते. हे मानक १९६० मधले, म्हणजे आज सर्वत्र दिसणाऱ्या बहुतेक यंत्रांच्या आधीचे. यात उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १ आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ०. काहीच पाठवले जात नसताना तार उण्या बाजूला असते. या गोष्टीचा कामाला उपयोग होतो. संगणकाच्या नऊ पिनांच्या पोर्टवर २ क्रमांकाची पिन ऐकते, ३ क्रमांकाची बोलते आणि ५ क्रमांकाची ग्राउंड असते. समोरच्या यंत्राची रचना मात्र तशीच असेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे सरळ केबल लावायची की क्रॉस, हा प्रश्न दर वेळी येतो. केबल काढून यंत्राच्या ५ क्रमांकाच्या पिनेशी ताडून २ आणि ३ या पिनांवर मल्टिमीटर लावावा. जिथे स्पष्ट उणे व्होल्टेज दिसेल ती बोलणारी पिन. केबली बदलत बसण्यापेक्षा हा मार्ग जलद आहे. आरएस-२३२ साठी सुमारे १५ मीटर ही पूर्वापार चालत आलेली मर्यादा. त्यापुढे आरएस-४२२ लागते. त्यात दोन तारांमधला फरक मोजला जातो, म्हणून बेताच्या वेगाला ती १,२०० मीटरपर्यंत पोचते.

दोन्ही टोकांना वेग, डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट सारखे ठेवावे लागतात. वेग चुकला तर पडद्यावर कचरा दिसतो, आणि कचरा दिसणे हे तसे शुभचिन्हच, कारण निदान तार जोडलेली आहे हे तरी कळते.

९,६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट ही सर्वांत प्रचलित जुळणी. स्टार्ट बिट धरून एका अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. टर्मिनलवर टाइप करणाऱ्याला हा वेग भरपूर वाटतो, चित्राच्या हिशेबात तो तोकडा आहे. एका चौकटीची जागा, आकार आणि स्रोत सांगायला साधारण ३० अक्षरे लागतात असे धरले, तर सोळा चौकटींना ४८० अक्षरे, म्हणजे अर्धा सेकंद. भारतात वापरल्या जाणाऱ्या सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रात तेवढ्या वेळात बारा फ्रेम उलटतात, आणि दिग्दर्शकाला चौकटी एकामागून एक उड्या मारताना दिसतात. म्हणून पूर्ण मांडणी यंत्रातच प्रीसेट म्हणून साठवून ठेवायची आणि ऐन वेळी फक्त तिचा क्रमांक पाठवायचा, ही रीत पडली. चौकट न् चौकट हलवणाऱ्या आज्ञा तयारीच्या वेळी वापरायच्या असतात, प्रक्षेपणाच्या वेळी नव्हे.

नेटवर्कवर वेगाची चणचण उरत नाही, पण एक वेगळी अडचण येते. बहुतेक यंत्रे टीसीपी जोडणी घेतात, आणि टीसीपी बाइटांचा अखंड प्रवाह देते. ओळ कुठे संपली, हे तिला ठाऊक नसते. एकदम पाठवलेली ओळ दोन तुकड्यांत पोचू शकते, दोन ओळी एकत्र चिकटूनही येऊ शकतात. टेबलावर चाचणी घेताना हे क्वचितच घडते, म्हणून नवखा प्रोग्रामर प्रत्येक वाचनाला एक पूर्ण उत्तर समजतो आणि गर्दीच्या नेटवर्कवर त्याचा प्रोग्राम अडखळतो. आलेले बाइट साठवत जाणे आणि ओळ संपल्याची खूण दिसल्यावरच अर्थ लावणे, हाच याचा उपाय. ती खूणही प्रत्येक यंत्राची निराळी. एखाद्याला कॅरेज रिटर्न म्हणजे १३ क्रमांकाचा बाइट हवा असतो, दुसऱ्याला लाइन फीड म्हणजे १०, तिसऱ्याला दोन्ही. यंत्र गप्प बसले की पहिला संशय इथेच घ्यावा. टेलनेटच्या २३ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी करताना सुरुवातीला २५५ पासून सुरू होणारे काही बाइट येऊ शकतात. ती टेलनेटची आपसातली बोलणी असतात, आज्ञेचे उत्तर नव्हे.

जुन्या सिरियल यंत्राला नेटवर्कवर आणण्यासाठी मधे कन्व्हर्टर बसवतात. त्याच्या पलीकडचा वेग ९,६०० बॉडच राहतो, हे विसरले जाते. त्याहून मोठा धोका निराळा आहे. सिरियल केबल निघाली किंवा मल्टिव्ह्यूअर बंद पडला, तरी कन्व्हर्टरशी असलेली टीसीपी जोडणी शाबूत असते. प्रोग्रामात हिरवा दिवा आणि पलीकडे कोणीच नाही, असा प्रकार होतो.

त्यामुळे मजकुरी नियंत्रणाची खरी कसोटी आज्ञा पाठवण्यात नसून उत्तर ऐकण्यात असते. दोन प्रचलित बोलींतून हे चांगले दिसते. त्यांतल्या ओळी पुढे देवनागरीत दिल्या असल्या, तरी प्रत्यक्षात अक्षरे रोमन जातात आणि आकडेही इंग्रजी.

एक्स्ट्रॉन कंपनीची एसआयएस ही बोली तिच्या स्विचरांत आणि बहुचौकटी प्रोसेसरांत चालते. मॅट्रिक्स स्विचरला ३ क्रमांकाचा इनपुट ४ क्रमांकाच्या आउटपुटवर हवा असेल, तर आज्ञा एवढीच :

३*४!

उद्गारचिन्हानेच आज्ञा संपते, वेगळी खूण लागत नाही. उत्तर येते ‘आउट४ इन३ ऑल’. चूक असेल तर ई अक्षर आणि दोन आकडे येतात : ई०१ म्हणजे इनपुटचा क्रमांक चुकीचा, ई१० म्हणजे आज्ञाच अनोळखी. या संक्षेपाला किंमतही मोजावी लागते. ‘५.’ पाठवले की पाचवे प्रीसेट लागू होते, आणि ‘५,’ पाठवले की सध्याची मांडणी पाचव्या प्रीसेटवर साठवली जाते. पूर्णविराम आणि स्वल्पविराम कळफलकावर शेजारीशेजारी असतात, त्यामुळे एका बोटाच्या चुकीने तयार मांडणी पुसली जाऊ शकते. यंत्राचे उत्तर मात्र दोन्ही वेळा वेगळे असते, ‘आरपीआर’ किंवा ‘एसपीआर’ने सुरू होणारे. ते वाचणाऱ्याला चूक तिथेच कळते.

याच बोलीत आणखी एक बारकावा आहे. कोणी दर्शनी बटण दाबून बदल केला, तर सिरियल तारेवर त्याची वर्दी मूळ जुळणीतच येते, टेलनेटवर मात्र ती मागून घ्यावी लागते. सिरियलवर नीट चालणारा प्रोग्राम नेटवर्कवर हलवला की त्याला बटणावरचे बदल दिसेनासे होतात, त्याचे कारण बहुधा हेच.

ब्लॅकमॅजिक डिझाइनची व्हिडिओहब बोली याच्या अगदी उलट, ऐसपैस आहे. तीच बोली त्यांच्या मल्टिव्ह्यू १६ या यंत्रातही आहे. ९९९० क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवर जोडणी होताच यंत्र न विचारता आपली सारी स्थिती सांगते : मॉडेलचे नाव, इनपुटांची लेबले, कोणत्या चौकटीत कोणता इनपुट. माहिती परिच्छेदांत येते. वर शीर्षक, खाली ओळी आणि शेवटी एक रिकामी ओळ. बदल मागायचा तर तसाच परिच्छेद उलट पाठवायचा :

व्हिडिओ आउटपुट राउटिंग:
६ ९

मोजणी शून्यापासून असल्याने हा बदल सातव्या चौकटीत दहावा इनपुट आणतो. कागदावर १ पासून क्रमांक घालणाऱ्यांचे चित्र हमखास शेजारच्या चौकटीत जाते. शेवटची रिकामी ओळ राहिली, तर यंत्र उरलेल्या मजकुराची वाट पाहत बसते.

उत्तर म्हणून ‘एसीके’ किंवा ‘एनएके’ येते, पण ती फक्त आज्ञा मिळाल्याची किंवा नाकारल्याची पोच. खरा बदल त्यानंतर येणाऱ्या स्थितीच्या परिच्छेदात दिसतो, आणि तो परिच्छेद जोडलेल्या सर्वांना जातो. त्यामुळे एका पॅनलवरचा बदल दुसऱ्यावर आपोआप उमटतो. प्रोग्रामने आपल्या पडद्यावरचे बटण आज्ञा पाठवताच न उजळता हा परिच्छेद आल्यावर उजळावे. शीर्षक पाठवून खाली काहीच न लिहिता रिकामी ओळ दिली, तर त्या विषयाची पूर्ण स्थिती परत मिळते. अनोळखी शीर्षकाचे परिच्छेद सोडून द्यावेत असे या बोलीच्या तपशिलातच सांगितले आहे. यंत्राच्या नव्या आवृत्तीत एखादा परिच्छेद वाढला म्हणून जुना प्रोग्राम कोसळू नये, ही त्यामागची दूरदृष्टी इतर निर्मात्यांनीही उचलण्यासारखी आहे.

चौकटीखालची नावे आणि कॅमेरा प्रक्षेपणात असल्याचे सांगणारी लाल टॅली यांसाठी बहुधा वेगळी भाषा असते, टीएसएल. तिची ३.१ ही आवृत्ती जुनी असूनही अजून सर्वत्र भेटते. १८ बाइटांचा संदेश : एक पत्त्याचा, एक टॅली आणि प्रकाशमानाचा, उरलेले १६ नावाचे. नाव अस्कीतच असावे लागते, म्हणून ‘कॅमेरा १’ हे लेबल देवनागरीत पाठवण्याची सोयच नाही. मराठी वाहिन्यांच्या कंट्रोल रूममध्येही या मार्गाने येणारी लेबले त्यामुळे रोमन असतात. आवृत्ती ५ मध्ये युनिकोड पाठवता येते, मात्र पलीकडच्या यंत्रात देवनागरीचा फॉन्ट आणि जोडाक्षरे जुळवण्याची क्षमता असेल तरच ती वाचण्याजोगी दिसतात. टीएसएलच्या १८ बाइटांत पोच पाठवण्याची तरतूद नाही. एखादा संदेश हरवला तर जुनी टॅली तशीच राहते, म्हणून पाठवणारी यंत्रे तोच संदेश पुनःपुन्हा पाठवत राहतात.

जोडणी तुटणे हा अपवाद न मानता नेहमीचा प्रसंग मानून प्रोग्राम लिहावा लागतो. ठरावीक वेळाने एखादा निरुपद्रवी प्रश्न विचारावा. एसआयएसमध्ये ‘क्यू’ हे एक अक्षर पाठवले की फर्मवेअरची आवृत्ती येते, व्हिडिओहबमध्ये ‘पिंग’चा रिकामा परिच्छेद पुरतो. कन्व्हर्टरच्या पलीकडे यंत्र जिवंत आहे का, हेही यातूनच कळते. उत्तर आले नाही, तर जोडणी बंद करून नव्याने करावी. जोडणी पुन्हा झाल्यावर शेवटची आज्ञा डोळे मिटून परत पाठवू नये. आधी यंत्राची स्थिती मागावी, कारण मधल्या काळात कोणी बटणावरून मांडणी बदलली असू शकते.

यांतल्या बहुतेक बोलींत मजकूर उघडा वाहतो, आणि व्हिडिओहबसारख्या बोलीत पासवर्डही नसतो. पोर्टपर्यंत पोचलेला कोणीही आज्ञा देऊ शकतो. म्हणून नियंत्रणाचे नेटवर्क कार्यालयाच्या नेटवर्कपासून तोडून वेगळ्या व्हीलॅनवर ठेवतात, आणि बाहेरून प्रवेश द्यावाच लागला तर तो व्हीपीएनमधूनच देतात.