विद्यापीठाकडे स्टुडिओ आहे, मग स्वतःचं टीव्ही केंद्र का नाही?

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, लोणीसारख्या गावात आज टीव्ही लावला की शेकडो चॅनल दिसतात. मुंबईतलं राजकारण, दिल्लीतल्या चर्चा, मालिका, क्रिकेट सगळं असतं. पण ऊसतोडणी करताना फडात बिबट्याचे बछडे सापडले तर काय करायचं, रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाताना कोणती काळजी घ्यायची, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव अचानक का पडला, हे सांगायला रोज ठरलेल्या वेळी हजर असणारं, फक्त या भागासाठी चालणारं चॅनल त्यात नाही.

जगात अशी प्रादेशिक सार्वजनिक टीव्ही केंद्रं आहेत आणि त्यांतली बरीचशी विद्यापीठं चालवतात. पुण्याच्या विद्यापीठातही १९८०च्या दशकापासून टीव्हीचे कार्यक्रम तयार होतात. कॅमेरे, स्टुडिओ, विषय जाणणारे प्राध्यापक हे सगळं असूनही विद्यापीठाचं स्वतःचं केंद्र मात्र कधी उभं राहिलं नाही. असं का झालं?

विद्यापीठाचं टीव्ही केंद्र म्हणजे काय?

याचं ठळक उदाहरण अमेरिकेत आहे. तिथल्या प्रसारण आयोगाने १९५२ मध्ये देशभरात २४२ टीव्ही वाहिन्यांच्या जागा शिक्षणासाठी राखून ठेवल्या. व्यापारी कंपन्यांना त्या मिळणार नव्हत्या. पुढच्याच वर्षी, २५ मे १९५३ रोजी ह्यूस्टन विद्यापीठाचं केयूएचटी हे केंद्र सुरू झालं. १९५४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठानेही मॅडिसनमध्ये आपलं केंद्र सुरू केलं.

अशा केंद्राचा परवाना विद्यापीठाच्या नावावर असतो. राष्ट्रीय कार्यक्रम पीबीएस या संस्थेकडून मिळतात, पण कोणता कार्यक्रम कधी दाखवायचा आणि स्थानिक कार्यक्रम कोणते करायचे, हे केंद्र ठरवतं. खर्चासाठी प्रेक्षकांच्या देगण्या, विद्यापीठाची मदत, प्रायोजक आणि सरकारी अनुदान असे वेगवेगळे स्रोत असतात. यातला सरकारी आधार किती डळमळीत असू शकतो, हे २०२५ मध्ये दिसलं. अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले आणि त्याचा फटका देशभरातल्या केंद्रांना बसला.

भारतात असा प्रयोग झाला का?

झाला, पण तो विद्यापीठाने नव्हे तर इस्रोने केला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' प्रकल्पाखाली अमेरिकी उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही पोहोचला. या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

आपल्या विषयाला जवळचं उदाहरण त्याच काळातलं, शेजारच्या गुजरातमधलं आहे. खेडा जिल्ह्यात पिज इथे कमी ताकदीचा प्रक्षेपक बसवून अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने स्थानिक कार्यक्रम सुरू केले. गुजराती बोली, गावातलीच माणसं आणि शेतमजुरी, दूध, जातिभेद असे तिथलेच प्रश्न. या कामाला युनेस्कोचा ग्रामीण संवादासाठीचा पुरस्कारही मिळाला. पण १९८०च्या दशकाच्या मध्यात पिजचं प्रसारण बंद झालं आणि प्रक्षेपक मद्रासला हलवण्यात आला. स्थानिकांनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. केंद्र गावासाठी चालत होतं, तरी ते कुठे ठेवायचं याचा निर्णय दिल्लीचा होता.

मग पुण्याच्या विद्यापीठात काय बनत होतं?

१५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केला. त्यासाठी काही निवडक विद्यापीठांत कार्यक्रमनिर्मितीची केंद्रं उभारली गेली. पुणे त्यांतल्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक. हेच आजचं एज्युकेशनल मल्टीमीडिया रिसर्च सेंटर.

लहान गावांतल्या कॉलेजांना चांगली प्रयोगशाळा किंवा तज्ज्ञ शिक्षक मिळत नाहीत, ती उणीव टीव्हीने भरून काढावी, असा हेतू होता. हेतू चांगलाच होता, पण प्रसारण देशभर असल्यामुळे कार्यक्रम मुख्यतः इंग्रजीत होत. मंचरच्या कॉलेजातल्या मुलाला तमिळनाडूतल्या मुलाइतकंच समजावं, हा निकष. त्यामुळे पुण्यात बनलेला कार्यक्रम पुणे जिल्ह्यासाठी असेलच असं नव्हतं. कार्यक्रम पुण्यात बनणार, दिल्लीत निवडला जाणार आणि दूरदर्शनच्या वेळेत दिसणार, अशी ही साखळी होती.

२००० मध्ये ज्ञानदर्शन, २००४ मध्ये व्यास आणि २०१७ मध्ये स्वयंप्रभा आलं. चॅनलची संख्या वाढत गेली, पण ती सगळी देशव्यापी शिक्षणाची चॅनल आहेत. शेतकऱ्यांसाठी मुंबई दूरदर्शनचा 'आमची माती आमची माणसं' हा लोकप्रिय कार्यक्रम होता, पण तोही साऱ्या महाराष्ट्रासाठीच.

कायदा आडवा येतो का?

हो. भारतात जमिनीवरच्या मनोऱ्यावरून टीव्ही प्रसारण करण्याचा हक्क दूरदर्शनकडेच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं, तरी जमिनीवरचं टीव्ही प्रसारण इतरांसाठी खुलं झालं नाही.

उपग्रह चॅनलसाठी परवानगी मिळते, पण सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार अर्जदार कंपनी किंवा मर्यादित दायित्व भागीदारी संस्था असावी लागते. शिवाय किमान निव्वळ मालमत्तेची अट कोट्यवधींची आहे. कायद्याने स्थापन झालेलं सार्वजनिक विद्यापीठ या चौकटीत बसत नाही.

रेडिओला परवानगी आहे, ती कशी?

केंद्र सरकारने २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी दिली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा रेडिओ २००४ मध्ये सुरू झाला आणि २००५ मध्ये पुणे विद्यापीठाचं 'विद्यावाणी' १०७.४ एफएमवर आलं. म्हणजे विद्यापीठ स्वतःचं केंद्र चालवू शकतं हे सिद्ध झालं.

पण मर्यादाही आहेत. प्रक्षेपणाची ताकद १०० वॅटपर्यंतच, त्यामुळे आवाज साधारण १० ते १५ किलोमीटर जातो. पुणे शहरातून निघालेला हा आवाज लोणीपर्यंत पोहोचू शकत नाही. अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याचीही मुभा नाही.

जुन्नर-आंबेगावची वेगळी गोष्ट

या भागाचं प्रसारणाशी जुनं नातं आहे. जुन्नर तालुक्यातल्या आर्वीचं 'विक्रम' उपग्रह भूकेंद्र १९७१ मध्ये सुरू झालं आणि भारताचा परदेशांशी उपग्रहामार्फत संपर्क तिथून जोडला गेला. पुढे त्याच तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्या ३० अँटेना आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे.

ही जागा निवडण्याचं एक कारण म्हणजे इथली रेडिओ शांतता. आकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण लहरी टिपताना जवळचा प्रक्षेपक म्हणजे भजनाशेजारी लावलेला डीजे. जुना टीव्ही ज्या लहरींवर चालायचा, त्यांतल्या बऱ्याच दुर्बिणीच्या टप्प्यात येतात. म्हणून परिसरातल्या प्रक्षेपकांवर आणि उद्योगांवर निर्बंध आहेत. उद्या कायदा बदलला तरी इथल्या डोंगरावर टीव्हीचा मनोरा उभारणं सोपं नाही. योगायोग असा, की ही दुर्बीण चालवणाऱ्या संस्थेचं मुख्यालय पुणे विद्यापीठाच्याच आवारात आहे.

घरावरच्या डिश अँटेनाचा मात्र तसा त्रास नाही. ती फक्त लहरी घेते, सोडत नाही. त्यामुळे या भागासाठी केंद्र झालंच, तर उपग्रह, केबल किंवा इंटरनेट हेच मार्ग उरतात.

यूट्यूब असताना याची गरज काय?

व्हिडिओ आज कुणीही टाकू शकतं, विद्यापीठही टाकतं. फरक जबाबदारीचा आहे. बिबट्याचा दुसरीकडचा जुना व्हिडिओ 'आपल्या गावातला' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतो, तेव्हा तो खोटा आहे हे सांगायला कुणी बांधील नसतं. प्रादेशिक केंद्राचं ते रोजचं काम असतं. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले जाणकार, वन विभाग, नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र यांना एका पडद्यावर आणून लोकांचे प्रश्न विचारणं त्यातच येतं. नारायणगावच्या तमाशा फडांचं चित्रीकरण करून ते जपून ठेवणं हेही त्यातच.

त्यासाठी मनोऱ्याची गरज नाही. स्टुडिओ पुण्यात आहे आणि मोबाइल घरोघरी आहे. कमी आहे ती तीन गोष्टींची. विशिष्ट तालुक्यांसाठी काम करण्याची नेमणूक, दरवर्षी हमखास मिळणारा निधी आणि काय दाखवायचं हे ठरवण्यात स्थानिकांचा वाटा. पिजला पहिली गोष्ट होती, तिसरी पुरेशी नव्हती. म्हणूनच प्रक्षेपक हलवायचं ठरलं तेव्हा ते थांबवण्याचा अधिकार तिथल्या प्रेक्षकांकडे नव्हता.