जिद्दीच्या आधी घड्याळ

ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर वॉशिंग्टन सुंदरने न्यूझीलंडचे ५९ धावांत ७ गडी टिपले. दोन्ही डावांत मिळून ११. त्याला एका कानाने ऐकू येत नाही हे कळलं, की ‘मग खेळाडूला दोन कान हवेत कशाला?’ असा सवाल हमखास येतो. पण सुंदरचा हा दोष लहानपणीच लक्षात आला होता. त्याचा मेंदू खेळ शिकला तोच मुळी एका कानाच्या हिशेबाने. रात्रीतून एक कान गेलेल्या खेळाडूसमोर जिद्दीचा दाखला म्हणून त्याचं नाव घेणं मला बरोबर वाटत नाही.

अशा खेळाडूची पहिली हरवते ती दिशा. नोबेलविजेते लॉर्ड रॅले १८७०च्या दशकात आपल्या हिरवळीवर डोळे मिटून उभे राहिले आणि भोवती माणसं उभी करून त्यांना बोलायला लावलं. बोलणारा कुठे आहे हे त्यांना सांगता येई, नादकाट्याचा शुद्ध स्वर मात्र पुढून आला की मागून, ते कळेना. बाजूने आलेला आवाज पलीकडच्या कानाला फार तर ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि एवढ्याशा फरकावर मेंदू दिशा ठरवतो. आता संग्रामपूरच्या एखाद्या खो-खोपटूचा विचार करा. ‘खो’ पाठीवरच्या थापेसोबत येतो, म्हणून उठायला उशीर होत नाही आणि दोष झाकला जातो. पण पळणाऱ्याची पावलं कुठल्या बाजूला वाजली, सोबत्याने कुठून ओरडून सांगितलं, हे कळत नाही. मग ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी खावी लागतात.

तीन दिवसांच्या आत ऐकणं ३० डेसिबल किंवा अधिक घटलं, तर वैद्यक त्याला तातडीची बाब मानतं. घरी मात्र ‘दडा बसलाय, मळ असेल’ म्हणत कानात थेंब टाकले जातात. तोंड मिटून ‘म्म्’ असं गुणगुणून पाहावं. मळाने किंवा सर्दीने कान बंद असेल, तर आवाज त्याच कानात घुमतो. आतली नस दुखावली असेल, तर चांगल्या कानाकडे सरकतो. एवढ्यावर निदान होत नाही, पण संग्रामपूरहून अकोल्याला कानाच्या डॉक्टरांकडे आजच निघायचं की नाही, हे कळतं. उपचार स्टिरॉइडचा, आणि तो पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेला बरा. स्टिरॉइडचा पुरावा भक्कम नाही, एकतृतीयांश ते दोनतृतीयांश रुग्ण आपोआप सुधारतात, हा आक्षेप खराच आहे. पण आपण कुठल्या गटात हे आधी कळत नाही, आणि उशिरा दिलेल्या औषधाचा उपयोग घटत जातो.

खेळाडूला आणखी एक पेच असतो. पोटात घेण्याचं हे औषध शरीर कमावण्याच्या स्टिरॉइडपेक्षा वेगळं, तरी स्पर्धेच्या काळात ते ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी-यादीत येतं. उपचारासाठी सूट मिळू शकते. तातडीच्या वेळी औषध सुरू करून मागाहूनही अर्ज करता येतो. म्हणून पहिल्याच दिवशीचा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) आणि डॉक्टरांची तारीख घातलेली चिठ्ठी जपून ठेवावी.