फूट, इंच आणि बाईट

पावसाळ्यात कोल्हापूरकराला मुंबईच्या बातम्यांचा काडीचा उपयोग नसतो. राधानगरी धरणाचा कितवा दरवाजा उघडला, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फुटांवर आहे आणि जामदार क्लबकडचा रस्ता चालू आहे की बंद, एवढं कळलं की त्याचं भागतं. महापूर आला की राज्यभराची चॅनेलं ओबी व्हॅन धाडतात, वार्ताहराला गुडघाभर पाण्यात उभं करतात आणि पाणी उतरायच्या आत निघून जातात. रोजची फूट-इंचांची वही सांभाळतं ते केबलवरचं लोकल चॅनेल.

अशाच एका चॅनेलच्या ऑफिसात मी पावसाळ्यात संध्याकाळी जाऊन बसत असे. व्यापारी संकुलातल्या दोन खोल्या. एकीत हिरवा पडदा, दोन लाईट आणि अँकरची खुर्ची. दुसरीत एडिटिंगची दोन मशीन आणि बाकी सगळं जग. एसीचा आवाज माईकमध्ये येतो म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद करतात. जीन्सवर कोट चढवलेला अँकर घाम पुसत ‘नमस्कार’ म्हणतो, तेव्हा सातच्या बुलेटिनला पाऊण तासही उरलेला नसतो आणि पहिल्या बातमीची व्हिज्युअल्स अजून कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असतात.

टिकर भरणाऱ्या मुलीकडे एक रेघांची वही होती. वेळ, पातळी, पाण्याखाली गेलेले बंधारे, राधानगरीचे उघडलेले दरवाजे. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याचा दाब वाढला की ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक पाणी सुटतं. हा आकडा शहरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. आपत्ती कक्षाचा मेसेज व्हॉट्सअॅपवर येतोच, पण ही मुलगी त्यावर थांबत नसे. घाटाजवळ राहणाऱ्या एकाला फोन करून ‘मघाच्या पायरीवरच आहे का वर आलंय?’ असं विचारूनच ती आकडा टाईप करी.

एका संध्याकाळी पातळी ३८ फूट ४ इंच होती. डेस्कवरच्या पोरानं हेडलाईन लिहिली, ‘पंचगंगेची धोका पातळीकडे धाव’. संपादकानं ती वाचली आणि खुर्चीतून न उठता सांगितलं, ‘‘इशारा ३९ला. त्याला अजून आठ इंच आहेत. धोका ४३ला, त्याला चार फूट आठ इंच. तुझी धाव बघून शुक्रवार पेठेतली माणसं आत्ता गाद्या माळ्यावर चढवतील. खोड ते.’’ शेवटी गेलं ते असं: ‘पातळीत संथ वाढ, इशारा पातळीला आठ इंच बाकी’. त्यातल्या ‘संथ’वरही पाच मिनिटं वाद झाला. तासाला एक इंच म्हणजे संथ, असा निकाल लागला.

हा नेमकेपणा हौसेचा नव्हे. २०१९च्या ऑगस्टमध्ये इथं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१च्या जुलैत ५६च्या वर. त्या दोन पावसाळ्यांनंतर चाळीस फूट म्हटलं की सुतारवाड्यातली कुटुंबं बोचकी बांधतात. शिवाय ज्याला खात्री करायची असेल तो चप्पल घालून घाटावर जातो आणि बघून येतो. बातमीत चार इंचांची चूक झाली तरी ऑफिसचा फोन वाजतो. मी बसलेलो असतानाच एक वाजला होता. ‘‘ओ, जामदार क्लब ओलांडलं म्हणताय, मी तिथंच उभा आहे. कुठं आलंय पाणी?’’ टिकर दोन मिनिटांत बदलला.

शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलचंही तसंच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा असे तालमीतालमींचे संघ, आणि गॅलरीतल्या प्रत्येकाला रेफ्रीपेक्षा जास्त कळतं. अशा सामन्यात कॅमेरा बॉलच्या मागं राहिला तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कॅमेरामनची खैर नसते. म्हणून तो मागं राहत नाही. लग्नाच्या शूटिंगवर हात बसलेली ही पोरं ऑफसाईड बरोबर पकडतात.

आता त्याच संध्याकाळच्या बुलेटिनमधली चौथी बातमी. एका प्रभागात गटारीच्या कामाचा शुभारंभ. नारळ, कुदळ, हार, टाळ्या, मग नेत्याचा बाईट. एक मिनीट चाळीस सेकंद. पुराच्या बातमीलाही एवढा वेळ मिळाला नव्हता. ‘लाखो रुपयांच्या निधीतून’ हे प्रेसनोटमधले शब्द व्हॉईसओव्हरमध्ये जसेच्या तसे. किती लाख, ठेकेदार कोण, मुदत कधीची, याच गटारीचं काम याआधी कधी झालं होतं, काही नाही. पडद्याच्या खालच्या पट्टीत त्याच नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा सरकत होत्या. आठ इंचांसाठी पोराला झापणारा संपादक तोच. त्यानं मान खाली घालून कॉफी ढवळली आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाला, ‘‘ती पट्टी बघितलीत न्हवं?’’

पट्टी बघितली की धंदा कळतो. घरोघरी केबलचं बिल भरलं जातं, पण त्यातलं या खोल्यांकडे काही वळत नाही. सराफ, दवाखाने, अॅकॅडम्या, वाढदिवस आणि पुण्यस्मरण यांवर पगार निघतो. पूर्वी केबलवाल्यानं एखादी मोकळी फ्रिक्वेन्सी दिली की चॅनेल सुरू. २०१२ ते २०१७ या काळात टप्प्याटप्प्यानं सेट-टॉप बॉक्स आले आणि नंबर मिळवायला मोठ्या नेटवर्कच्या दारात जाणं आलं. नोव्हेंबर २०२२मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं अशा ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ चॅनेलांसाठी नियम काढले: स्थानिक बातम्या द्यायच्या तर नेटवर्क चालवणाऱ्याची नोंदणी कंपनी म्हणून हवी आणि दाखवलेल्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवायला हवं. नियम वाईट नाहीत. पण केबलचं जाळं आणि राजकारण एकाच घरात नांदणं आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत नवलाचं नाही, आणि त्याला हे नियम कुठं शिवत नाहीत.

निवडणुकीत हे उघडंवाघडं होतं. २००९च्या विधानसभेनंतर ‘पेड न्यूज’ची देशभर चर्चा झाली ती महाराष्ट्रामुळे, मोठ्या वृत्तपत्रांमुळे. आता जिल्ह्यात समिती असते, टीव्हीवरची राजकीय जाहिरात आधी तिच्याकडून प्रमाणित करून घ्यावी लागते आणि केबलवरच्या बातम्यांवरही नजर असते. त्यामुळे जाहिरात कमी होते आणि ‘विशेष मुलाखत’ वाढते. ‘तुमच्या कामाचा झपाटा पाहून विरोधक धास्तावलेत, काय सांगाल?’ हाही प्रश्नच असतो, समितीनं त्याला काय करायचं?

लोकल चॅनेलला हसणारे अँकरच्या उच्चारांना हसतात, हिरव्या पडद्याच्या कडेला दिसणाऱ्या हिरव्या रेघेला हसतात. मला ते गौण वाटतं. पंचगंगेच्या आकड्याला चकचकीत ग्राफिक लागत नाही. ज्या गोष्टी बघणाऱ्याला स्वतःला ताडून बघता येतात तिथं ही दोन खोल्यांतली माणसं मुंबईवाल्यांना पाणी पाजतात. गटारीच्या जाडीचं तसं नाही. ती एमबीत, म्हणजे इंजिनियरच्या मोजमाप पुस्तकात असते, आणि ते कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवत नाही.

ते मिळवायचं तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत. बाहेरून बातम्या देणाऱ्या पोराला बातमीमागे पैसे मिळतात. तो दिवसात तीन प्रेस कॉन्फरन्स करतो, चौघांचे बूम एकाच टेबलावर लागतात, एकानं शूट केलेलं बाकीचे वाटून घेतात, आणि रात्री चारही चॅनेलांवर तोच हार त्याच कोनातून पडतो. एका कागदासाठी महिनाभर थांबणं त्याला परवडत नाही. थांबला, तरी त्या बातमीचा दर नारळ फोडण्याच्या बातमीइतकाच.

यातल्या एकानं तरीही एकदा अर्ज टाकला होता, आपल्याच गल्लीतल्या रस्त्यासाठी. उत्तर यायला मुदतीपेक्षा बराच वेळ लागला आणि तोवर रस्त्यावर नवा थर पडला होता. खड्डे दाखवायला उरलेच नव्हते. संपादकानं एमबीच्या झेरॉक्सवर कॅमेरा फिरवून बातमी लावली. आकड्यांखाली लाल रेघा मारल्या, रस्त्याची मागची व्हिज्युअल्स हार्ड डिस्कमधून शोधून काढली आणि सात मिनिटं चालवली. त्या आठवड्यात खालच्या पट्टीतले दोन वाढदिवस रद्द झाले.