आईची हाडं आणि ‘फक्त आज’ची ऑफर

शुक्रवार संध्याकाळ. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅब ठप्प. आणि मी मोबाइलवर चक्क चौदा हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये भरत होते. यूपीआयचा पिन तेवढा टाकायचा बाकी होता आणि नेमकी रेंज गेली. आयुष्यात पहिल्यांदा मोबाइल कंपनीला मनापासून थँक्यू म्हटलं, पण ते नंतर. त्या वेळी मी वैतागलेच होते. कारण ऑफर ‘फक्त आज रात्री बारापर्यंत’ होती.

ऑफर होती ऑनलाइन ऑस्टिओपोरोसिस प्रोग्रॅमची. ‘९० दिवसांत हाडं पुन्हा मजबूत, गोळ्यांशिवाय!’ रेकॉर्डेड व्हिडिओ, डाएट चार्ट, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि घरपोच सप्लिमेंट्सचं किट. पेशंट माझी आई. मुक्काम पोस्ट धरणगाव. (बालकवी ठोंबऱ्यांचं जन्मगाव, असं आम्ही कॉलर ताठ करून सांगतो. समोरच्याचा चेहरा कोराच राहिला की मग ‘जळगावजवळ’ म्हणतो.)

झालं असं की श्रावणात मागच्या अंगणात आईचा पाय घसरला. पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. जिन्यावरून नाही, गाडीवरून नाही, उभ्या उभ्या. सहा आठवडे प्लॅस्टर. ‘वयात होतंच’, ‘कॅल्शियम घ्या’, ‘डिंकाचे लाडू करा’, सल्ल्यांचा तर पाऊसच! आईचं म्हणणं एकच, “माले काय व्हयनं? प्लॅस्टर निघालं की झालं!” ती एकसष्ट वर्षांची आहे आणि स्वतःच्या दुखण्याची बातमी ती नेहमी सगळ्यात शेवटी देते.

मला मात्र झोप लागत नव्हती, कारण मला आजी आठवत होती. आईची आई. मी दहावीत असताना ती अशीच घरातल्या घरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ती परत उभी राहिलीच नाही, आठ महिन्यांत गेली. त्याच्याही आधी तिचं मनगट मोडलं होतं आणि तेव्हाही सगळे ‘वयात होतंच’ म्हणाले होते. आता सांगा, अशा वेळी मोबाइलवर कुणी नव्वद दिवसांचं आश्वासन दिलं तर पंधरा हजार जास्त वाटतात का? मला तर मुंबईच्या एका वीकएंडचा खर्च वाटला.

रेंज गेली म्हणून मिळालेल्या रात्रीत मी शांतपणे त्यांचा फुकट सँपल व्हिडिओ पाहिला. सुरुवातीलाच बारा सूर्यनमस्कार, मग पाय पसरून पुढे वाकून अंगठे धरणं. छान म्युझिक, छान मॅट. शंका आली म्हणून शोधाशोध केली आणि घामच फुटला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मणक्याचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ स्त्रियांचा. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींच्या मणक्यात नवे फ्रॅक्चर दिसले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण होतं ८९ टक्के! अभ्यास लहान आणि जुना आहे हे मान्य. पण ठिसूळ मणक्याला कमरेतून पुढे वाकवू नका, हे फिजिओथेरपिस्ट आजही सांगतात. आणि इथे आईची एकही टेस्ट न बघता तिला अंगठे धरायला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. (ऑफर बारा वाजता संपली नव्हती, हे सांगायला नकोच.) मी विचारलं, डॉक्टर कोण? “मॅम, आमची एक्स्पर्ट टीम आहे.” रजिस्ट्रेशन नंबर? “पेमेंटनंतर शेअर होईल.” रिफंड? “पहिला मॉड्यूल ओपन केला की नाही मिळत, मॅम.” डेक्सा रिपोर्ट लागतो का? “नसला तरी चालेल!”

इथे माझा फंडा क्लिअर झाला. मार्च २०२० मध्ये आपल्याकडे टेलिमेडिसिनची नियमावली आली. तिच्यानुसार ऑनलाइन तपासणाऱ्या डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक पेशंटला दिसेल असा द्यायचा असतो. तो पैसे भरल्यावर उघडायचं सरप्राइज गिफ्ट नाही.

डेक्साचंही तसंच. त्या मशीनवर पंधरा-वीस मिनिटं आडवं पडायचं, कंबर आणि खुब्याच्या हाडांची घनता मोजतात आणि टी-स्कोअर नावाचा आकडा मिळतो. तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत तुमची हाडं किती खाली, ते तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेली रेघ आहे उणे २.५. सोसायटीच्या कॅम्पमध्ये टाचेला मशीन लावून जी चिठ्ठी देतात, ती म्हणजे हा रिपोर्ट नव्हे. ती पाहून घाबरूही नका आणि निर्धास्तही होऊ नका.

दिवाळीनंतर आईला पुण्यात आणलं आणि हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. कंबरेचा स्कोअर निघाला उणे २.८. डॉक्टर म्हणाले, किरकोळ पडण्याने मनगट मोडलं आणि आईच्या आईचा खुबा मोडला होता, एवढ्यावरच मी सावध झालो असतो. मग रक्ताच्या तपासण्या : कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, किडनी. कारण हाडं ठिसूळ होण्यामागे कधी कधी दुसराच आजार लपलेला असतो आणि किडनीचं काम बघितल्याशिवाय काही औषधं देता येत नाहीत.

ड जीवनसत्त्व निघालं अगदी कमी. मी म्हटलं, डॉक्टर, आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो हो! ते हसले. त्या उन्हात बाहेर कोण बसतं? बरोबरच आहे. अकरा ते चार दारं-खिडक्या बंद, बाहेर पडलं तर डोक्यावर पदर, अंगभर कपडे. आणि शाकाहारी ताटात हे जीवनसत्त्व जवळपास नसतंच. त्यासाठी साठ हजार युनिटची पुडी, आठवड्यातून एक, ठरावीक आठवडेच. हे ‘ठरावीक’ महत्त्वाचं. कुणी सांगितलं म्हणून महिनोन्‌महिने पुड्या घेतल्या तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीवर बेतू शकतं. त्या किटमध्येही ड जीवनसत्त्व होतंच, रिपोर्ट न बघता पाठवायचं.

कॅल्शियमचा हिशेब आम्ही घरीच केला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी रोज १२०० मिलिग्रॅम धरलंय. दोनशे मिलिलिटर दुधात साधारण अडीचशेच्या आसपास मिळतं, शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशेच्या वर. आईच्या दिवसभराच्या खाण्यात दूध किती? दोन कप चहात पडतं तेवढं. दुधाची साय अण्णांना, दूध नातवंडांना. आता रात्री एक वाटी दही तिचं आणि तिचंच, असा कायदा केलाय. अधूनमधून नागलीची भाकरी असते. शेवभाजीवर मात्र आम्ही तडजोड केलेली नाही.

आता मुद्द्याचं. व्यायामाने हाडं सुधारतात का? सुधारतात, पण कशाने, ते बघा. ऑस्ट्रेलियात एक चाचणी झाली, २०१८ मध्ये ती छापून आली. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रिया, आठ महिने. एका गटाने ट्रेनरच्या नजरेखाली आठवड्यातून दोनदा अर्धा तास चांगलं जड वजन उचललं. त्यांची कंबरेची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. दुसऱ्या गटाने घरच्या घरी हलका व्यायाम केला, त्यांची १.२ टक्के घटली. म्हणजे घरी बसून व्हिडिओ बघत जे होणार होतं, ते दुसऱ्या गटासारखं! आणि नजरेखाली, आठ महिने राबूनही मिळाले तीन टक्के. हाड झिजण्या-भरण्याचं एक चक्र पुरं व्हायलाच काही महिने लागतात आणि डेक्सा साधारण वर्ष-दोन वर्षांनी परत करतात. नव्वद दिवसांत काय मोजणार, बॉस?

गोळीची भीती मलाही होती. डॉक्टरांनी अ‍ॅलेन्ड्रोनेट दिलं, आठवड्यातून एकदा. नव्वदच्या दशकातल्या मोठ्या चाचणीत मणक्याची आणि खुब्याची फ्रॅक्चर्स या औषधाने जवळपास निम्म्यावर आली होती. साइड इफेक्ट्स आहेत. गिळताना अन्ननलिकेला त्रास होऊ शकतो, दातांची मोठी कामं आधी उरकून घ्यावी लागतात. क्वचित इतरही धोके असतात, म्हणून काही वर्षांनी डॉक्टर फेरविचार करतात.

म्हणजे ऑनलाइन सगळंच फालतू? अजिबात नाही. फिजिओथेरपिस्टने आईला पुण्यात दोनदा समोर बसवून तपासलं आणि आता पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉल करते. हात न टेकता खुर्चीतून उठणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर तोल. दर वेळी सुधारणा सांगते, आई चुकली की ओरडते. त्याचे मी आनंदाने पैसे देते. सरकारची ई-संजीवनी सेवा तर फुकट आहे, डॉक्टरांशी बोलता येतं. सगळा खर्च मिळून त्या प्रोग्रॅमपेक्षा कमी झाला आणि हातात खरा रिपोर्ट आला. त्या ‘गोळ्यांशिवाय’वाल्या जाहिरातीबद्दल १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केलाय. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २०२२ पासून केंद्राची नियमावली आहे, बघू काय होतं ते.

ती गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही, चहासुद्धा नाही. चहाशिवाय अर्धा तास म्हणजे आईला जन्मठेप. म्हणून दर रविवारी सकाळी सहाला ती गोळी घेते आणि टाइमपास म्हणून मला फोन लावते. माझ्या एकुलत्या एक सुट्टीच्या दिवशी, सहाला! मागच्या रविवारी गल्लीतल्या सगळ्यांची खबर देऊन झाली तरी सात मिनिटं उरली होती. मग तिने विचारलं, “तू दूध पितेस का गं?”