उतारवयातील स्मृती – लेखांक ५ : विसरण्याचे भय

वयोमानानुसार येणारे विस्मरण आणि स्मृतिभ्रंश, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतंत्रपणे करणे अशक्य व्हावे इतका बुद्धिव्यापारांचा ऱ्हास, यांतील फरक मागील लेखांकात स्पष्ट केला होता. हा फरक नीट समजूनही अनेक ज्येष्ठांच्या मनातील धास्ती ओसरत नाही, कारण ती केवळ अज्ञानातून उपजलेली नसते. ती स्मृतीच्या कामकाजातच शिरते आणि ज्याचे भय वाटते ते विस्मरण काही अंशी स्वतःच घडवून आणते.

एखादी गोष्ट आठवायची तर आधी तिची मनात नोंद व्हावी लागते आणि नोंद होण्यासाठी त्या क्षणी तिच्याकडे लक्ष असावे लागते. हाती घेतलेल्या कामापुरती माहिती धरून ठेवणाऱ्या मनाच्या क्षमतेस मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. ती कोणत्याही वयात मर्यादितच असते. ‘आपले काही विसरत तर नाही ना’ अशी स्वतःवर सतत पाळत ठेवणाऱ्या व्यक्तीची ही क्षमता पाळतीतच खर्च होते, चष्मा ठेवताना जागेची नोंदच होत नाही आणि तासाभराने तो सापडेनासा झाला की तोच भीतीचा पुरावा ठरतो. नावांच्या बाबतीत हे विशेष जाणवते, कारण व्यक्तीचे नाव तिच्या रूपाशी वा व्यवसायाशी अर्थाने जोडलेले नसते व त्यामुळे ते आठवणे मुळातच अवघड असते. त्यात घाबरगुंडीची भर पडली की जिभेवर आलेले नावही अडते आणि मन निवांत झाल्यावर आपोआप सुचते. जे नंतर सुचते ते पुसले गेलेले नव्हते, एवढी गोष्ट अशा वेळी ध्यानात घेतली तरी भीतीचा जोर पुष्कळ कमी होतो.

याहून अधिक दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे पुनःपुन्हा खात्री करून घेण्याची सवय. मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट या डच संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी तरुणांना संगणकाच्या पडद्यावरील गॅसची शेगडी वारंवार तपासण्यास सांगितले होते. त्यांच्या आठवणीचा अचूकपणा घटला नाही, परंतु तिचा ठळकपणा, तपशील आणि मुख्य म्हणजे तिच्यावरील विश्वास स्पष्टपणे उणावला. तपासणीच्या सर्व फेऱ्या एकसारख्या असल्याने त्या एकमेकींत मिसळून जातात व नेमकी शेवटची फेरी मनात वेगळी उरत नाही. कुलूप चार वेळा ओढून पाहणारे किंवा ‘गोळी घेतली ना मी?’ असे दिवसभर विचारणारे ज्येष्ठ म्हणूनच निश्चिंत होण्याऐवजी अधिक साशंक होतात. यावरचा उपाय साधा, पण चिकाटी मागणारा आहे: काम एकदाच, सावकाश, हवे तर ‘गॅस बंद केला’ असे मोठ्याने उच्चारून करावे आणि मागे वळून पाहण्याची ऊर्मी आली तरी ती तशीच ओसरू द्यावी. वारांचे खण असलेली गोळ्यांची डबी, भिंतीवरील कालनिर्णयावर केलेली नोंद, किल्ल्यांची ठरलेली खुंटी यांना पुष्कळजण हार मानल्याची खूण समजतात. वास्तविक या सोयींमुळे लक्ष मोकळे होते आणि ते जिथे खरोखर हवे तिथे लावता येते.

घरच्यांची भूमिका येथे निर्णायक असते. ‘काल कोण आलं होतं, सांगा बरं आजोबा’ अशी प्रेमापोटी घेतलेली परीक्षाही अपायकारक ठरते, कारण आपल्या गटाविषयीचा हीन समज खरा ठरेल या दडपणाने माणसाची कामगिरी प्रत्यक्षात खालावते, असे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ हे कानांवर सतत पडत असलेल्या पिढीवर हे दडपण अधिकच असणार. उलट ‘काही नाही, वयच झालंय’ असे म्हणून विषय मिटवणेही योग्य नव्हे, कारण त्यात चिंता एकाकी पडते आणि उपचारयोग्य कारण दडून राहण्याचा संभव असतो.

अशी कारणे थोडी नाहीत. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे मंदावलेले कार्य, नैराश्य, अपुरी झोप, मंद झालेले श्रवण (जे ऐकूच आले नाही ते आठवणार कसे?) यांची तपासणी आधी व्हावयास हवी. औषधांची यादी तर डॉक्टरांना दाखवावीच. चिंता आणि निद्रानाश यांवर वर्षानुवर्षे घेतली जाणारी अल्प्राझोलामसारखी गोळी नव्या आठवणींची नोंद मंदावते व तोल जाण्याचा धोकाही वाढवते. मात्र ती एकाएकी सोडणे धोक्याचे असल्याने तिचे प्रमाण वैद्यकीय देखरेखीखालीच हळूहळू कमी करावे लागते. चिंतेवर बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे भयकारक विचार पारखण्याची आणि टाळाटाळीची सवय मोडण्याची पद्धतशीर शिकवण, उतारवयातही उपयोगी पडतो, आणि प्राथमिक सल्ल्यासाठी शासनाची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे.

भारतातील 60 वर्षांवरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासात सुमारे 7.4 टक्के आढळले. म्हणजे दहांपैकी नऊंहून अधिक ज्येष्ठांना तो नाही. तरीही परिचित रस्त्यावर वाट चुकणे, पैशांचे नेहमीचे व्यवहार न जमणे, आणि हे बदल स्वतःपेक्षा घरच्यांना अधिक जाणवणे, या लक्षणांकडे काणाडोळा करू नये. स्मृतीच्या तपासणीतील 30 गुणांच्या प्रश्नावलीत एखादे वेळी गुण कमी आले म्हणून निदान ठरत नाही. शिक्षण, भाषा, श्रवण आणि त्या दिवशीची भीती यांचा त्यावर परिणाम होतो. पहिल्या तपासणीचे गुण जपून ठेवून ती डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने पुन्हा करावी आणि मधल्या काळात स्वतःची परीक्षा घेण्याचे काम पूर्णपणे थांबवावे, कारण पाळत ठेवण्याची ती जबाबदारी आता डॉक्टरांची असते.