जुनी स्पोर्ट्स कार आणि घरचा फिटर

गेल्या उन्हाळ्यात आम्ही अमेरिकेत न्यू जर्सी येथे मुलाकडे तीन महिने राहून आलो. परत आल्यापासून जो तो विचारतो, 'काय काय पाहिलेत?' आम्ही सांगतो, 'एका मोटारीचे पोट पाहिले.' लोकांना ही थट्टा वाटते. पण ती गोष्ट खरी आहे आणि आमच्या वाचकांच्या, विशेषतः घरी गाडी बाळगणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे लिहीत आहोत.

आम्ही चौतीस वर्षे रेल्वेत फिटर होतो. मुलाला शिकविताना एकच जिद्द होती, की त्याचे हात ग्रीसमध्ये बुडू नयेत. लहानपणी त्याने पाना हातात घेतला तरी आम्ही तो काढून घेत असू आणि त्याच्यापुढे पुस्तक ठेवीत असू. तो शिकला, कॉम्प्युटर इंजिनियर झाला, परदेशी गेला. आणि चाळिशी उलटल्यावर त्याने १९९५ सालची एक जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली! गॅरेजवाल्याने दुरुस्तीचा आकडा सांगितला, तर सामानाच्या चौपट मजुरी. तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, आता तरी मला पाना धरायला शिकवा." आम्हाला काय वाटले ते आमचे आम्हाला ठाऊक.

ही गाडी कोणती?

आपल्याकडे माझदा म्हटले, की स्वराज माझदाचा टेम्पो डोळ्यांपुढे येतो. त्याच जपानी माझदा कंपनीची ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी. नाव एमएक्स-५, अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. बॉब हॉल नावाच्या अमेरिकन पत्रकाराने माझदाचे केनिची यामामोटो यांच्याकडे अशा हलक्या, साध्या गाडीची कल्पना मांडली होती. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. एप्रिल २०१६ मध्ये अशा गाड्यांचा आकडा दहा लाखांवर पोचला. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, वजन साधारण एक टन. पहिल्या पिढीची गाडी १९९७ पर्यंत निघाली. तिचे पुढचे दिवे डोळे उघडावेत तसे वर येतात.

स्पोर्ट्स कार म्हणजे श्रीमंतांचा शौक, असा आमचा समज होता. बॉनेट उघडल्यावर तो गेला. आत सगळे ओळखीचेच निघाले. चार सिलिंडर, पट्टे, पाण्याचे पाइप आणि बहुतेक ठिकाणी १०, १२ आणि १४ नंबरचे बोल्ट.

पहिला नियम जिवाचा

दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा घेऊन बाहेर आलो, तर गाडीखालून मुलाचे दोन पाय दिसले. गाडी नुसत्या जॅकवर उभी होती! आम्ही ओरडलो नाही. दचकून तो जॅकला धडकला असता तर? शांतपणे म्हणालो, "जरा बाहेर ये, चहा घे." तो बाहेर आल्यावर मात्र आमचा तोल गेला आणि चाळीस वर्षांच्या मुलाला आम्ही त्याच्या मुलीदेखत झाडले.

नोकरी लागण्यापूर्वी आम्ही एका लहान गॅरेजात हाताखाली काम करीत होतो. तेथे जॅक सरकून एका मिस्त्रीचा हात चिरडला. तो माणूस पुन्हा पाना धरू शकला नाही. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. त्याच्या आत तेल असते आणि ते तेल एका रबरी सीलने अडविलेले असते. सीलने दगा दिला, की गाडी खाली येते.

म्हणून सपाट, टणक जमीन पाहावी. जी चाके जमिनीवर राहणार, त्यांना लाकडी ठोकळे लावावेत. ही गाडी पुढून उचलताना इंजिनाखालच्या आडव्या सांगाड्याच्या मधोमध आणि मागून उचलताना डिफरन्शियलखाली जॅक लावतात. मग दोन्ही बाजूंना ठरलेल्या जागी लोखंडी स्टँड ठेवावेत, गाडी त्यांवर टेकवावी, हाताने हलवून पाहावी आणि मगच खाली जावे. त्या दिवशी संध्याकाळी मुलगा चार स्टँड घेऊन आला.

एकोणीस दाते

मोठे काम होते टायमिंगच्या पट्ट्याचे. हा रबरी दातेरी पट्टा साधारण साठ हजार मैलांनी, म्हणजे सुमारे शहाण्णव हजार किलोमीटरनंतर बदलायचा असतो. मागच्या मालकाने तो बदलल्याची नोंद नव्हती. या इंजिनात पट्टा तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, गाडी फक्त जागेवर थांबते. अनेक गाड्यांत मात्र ते आदळतात आणि इंजिनाचे मोठे नुकसान होते. पण सूनबाई त्याच गाडीने रात्रपाळीला जाणार होत्या. मध्यरात्री हमरस्त्यावर गाडी बंद पडणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

या गाडीची बॅटरी डिकीत असते. आधी तिची तार सोडविली. मग इंजिन गार असताना कूलंट काढले, बाहेरचे पट्टे, पुली आणि झाकणे उतरविली. पाण्याचा पंप याच झाकणांमागे असतो. तो गळू लागला तर सगळे पुन्हा खोलावे लागते, म्हणून पंप आणि तेलाची सीले त्याच वेळी बदलली.

वरच्या दोन कॅमपुलींवर 'आय' आणि 'ई' अशा खुणा असतात. नवा पट्टा बसविल्यावर त्या दोन खुणांच्या मध्ये पट्ट्याचे १९ दाते यावे लागतात. मुलाने मोजले, २० भरले. रात्रीचे नऊ वाजले होते. तो म्हणाला, "बाबा, एका दाताने काय होतंय?" आम्ही म्हणालो, "परीक्षेत तुझा एक मार्क गेला तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास." पट्टा काढला, पुन्हा बसविला. १९ भरले. मग इंजिन हातानेच पान्याने दोन पूर्ण फेरे फिरविले आणि खुणा पुन्हा पाहिल्या. हाताने फिरविताना कोठे अडले तर जोर करू नये, काहीतरी चुकले आहे असे समजावे.

हात आणि पुस्तक

या कामात आमच्यासमोर दुरुस्तीचे पुस्तक उघडे होते. अशा पुस्तकांना घरोघरी पोचविणारे जॉन हेन्स हे इंग्रज गृहस्थ २०१९ मध्ये वारले. त्यांचे पहिले दुरुस्ती-पुस्तक १९६६ मध्ये निघाले आणि तेही ऑस्टिन-हीली स्प्राइट या लहान स्पोर्ट्स कारचेच. गाडी खरोखर खोलायची, पुन्हा जोडायची आणि प्रत्येक पायरीचा फोटो घ्यायचा, ही त्यांची रीत.

इंग्रजी पुस्तक मुलगा वाचे, हात आमचे चालत. पण एक कबुली द्यावयास हवी. चाकांचे नट आम्ही सवयीने आवळले. मुलाने टॉर्क रेंच लावून पाहिला. पुस्तकात ९० ते ११८ न्यूटन मीटर लिहिले होते, आम्ही त्याच्या बरेच वर गेलो होतो. जादा आवळल्याने आटे बिघडतात आणि रस्त्यात पंक्चर झाले तर नट सुटत नाही. चौतीस वर्षांच्या हातालाही माप लागते, हे आम्ही मुलाकडून शिकलो.

लहान कामे, मोठा फायदा

टपाच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी जाण्याची भोके असतात. तेथे पाला साचला, की पाणी आत उतरते आणि दाराखालचा पत्रा आतून गंजतो. मऊ नळी घालून ती साफ करावीत. पैसा लागत नाही. तेलाचा फिल्टर मात्र इनटेक मॅनिफोल्डखाली अशा अडचणीत आहे, की तेथे नातीचाच लहान हात पोचला.

ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते. ते दोन वर्षांनी बदलावे. ब्रेकची हवा काढताना नात पेडलवर बसली. आम्ही "दाब" म्हटले की दाबायचे आणि "सोड" म्हणेपर्यंत सोडायचे नाही. स्क्रू बंद होण्याआधी पाय उचलला तर हवा परत आत जाते. वरच्या डबीतले तेलही संपू द्यायचे नसते. ती जबाबदारी सूनबाईंनी घेतली.

काढलेले इंजिन ऑइल गटारात ओतू नये. तेथे ते दुकानात परत घेतात, येथे ओळखीच्या गॅरेजात द्यावे. आणि स्टिअरिंगमधील एअरबॅग किंवा दाबलेल्या स्प्रिंगचे काम घरी करू नये. ते जाणकाराकडेच न्यावे.

टर्बो की टायर?

मुलाच्या यादीत पहिले नाव टर्बोचे होते. आम्ही विचारले, "टायर किती वर्षांचे आहेत?" बाजूवरचा आकडा वाचला, तर टायर अकरा वर्षांचे! वेग वाढविण्यापूर्वी गाडी थांबली पाहिजे. तेव्हा क्रम असा ठरला: आधी टायर, मग ब्रेकचे पॅड, मग चाकांचे अलाइनमेंट. उघड्या गाडीत डोक्यामागे रोलबार बसवावा, हीच खरी सुधारणा. टर्बोचे पैसे सध्या नातीच्या शिक्षणाच्या खात्यात आहेत.

निघण्याच्या आदल्या दिवशी मुलाने आम्हाला टप उघडून फिरवून आणले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा स्टिअरिंगवरच्या त्याच्या हातांकडे लक्ष गेले. नखांत काळी रेघ होती. ती पाहून त्याला लाज वाटत नव्हती आणि आम्हालाही वाटली नाही.

वाचकांनो, तुमच्याकडे स्पोर्ट्स कार नसेल, स्कूटर असेल. तिचेही तेल, ब्रेक आणि टायर असतात. येत्या रविवारी मुलांना, आणि मुलींनाही, जवळ बसवा आणि एक काम घरी करा. मात्र गाडी उचललीत, तर आधी स्टँड लावा.