गेमिंग लॅपटॉपचाच डेस्कटॉप करायचाय? घर रायगडच्या किनाऱ्यावर असेल तर आधी हे वाचा

१९०४ सालची गोष्ट. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार होत्या. तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापं व्हायची. विजेच्या ट्राम आल्या की ही मोजमापं बिघडणार, हे उघड होतं. मग वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात हे काम मुंबईबाहेर हलवायचं ठरलं. जागा निवडली अलिबागची. लोखंड टाळून बांधलेली ती चुंबकीय वेधशाळा आजही तिथे सुरू आहे.

म्हणजे विजेची कटकट नको म्हणून एकेकाळी नाजूक यंत्रं अलिबागला आणली गेली. आज तिथल्याच माणसाला विचारा, तो सांगेल की घरात नाजूक यंत्र ठेवायचं तर पहिली कटकट विजेचीच.

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली. त्याच महिन्यात लॉकडाऊन लागलं. तेव्हापासून किनाऱ्यावर राहून मुंबई-पुण्याचं काम करणं ही नवलाईची गोष्ट राहिली नाही. कुणी व्हिडिओ एडिटिंग करतं, कुणी थ्रीडी डिझाईन, कुणी होमस्टेचे रील्स. आणि रात्री गेम खेळणारी पोरं तर गावोगावी आहेत. यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो. हप्त्यावर एकदाच मशीन घ्यायचंय, तर डेस्कटॉप घ्यावा, की गेमिंग लॅपटॉप घेऊन त्यालाच टेबलावर कायमचा बसवावा?

नुसत्या ताकदीचा हिशोब केला तर डेस्कटॉप जिंकतो. उदाहरण घ्या आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाचं. डेस्कटॉपमधलं कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज घेतं. लॅपटॉपमध्ये त्याच नावाच्या चिपला साधारण १५० ते १७५ वॅटमध्ये भागवावं लागतं. नाव एक, पण काम वेगळं. शिवाय डेस्कटॉपचं कार्ड उद्या बदलता येतं. लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा फक्त रॅम आणि एसएसडी बदलता येते.

तरीही मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनच्या पट्ट्यात लॅपटॉपचं पारडं जड होतं. त्याचं कारण आहे त्याच्या पोटातली बॅटरी.

निसर्ग वादळानं काय शिकवलं?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाचे वारे होते. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, तारा तुटल्या. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा भागातल्या कित्येक गावांत पुढचे अनेक दिवस वीज नव्हती. वर्षभरात, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेलं.

अशा वेळी डेस्कटॉप म्हणजे जागचा न हलणारा डबा. लॅपटॉप मात्र पिशवीत घालून वीज असलेल्या पाहुण्यांकडे नेता येतो, जनरेटरवर तासाभरात बराचसा चार्ज करता येतो. आणि रोजच्या दहा-पंधरा मिनिटांच्या वीज जाण्याला तर तो जुमानतही नाही.

पण त्याचा डेस्कटॉप करायचा म्हणजे नुसतं टेबलावर ठेवून मॉनिटर जोडणं नव्हे. किनाऱ्यावर त्याला तीन गोष्टींपासून जपावं लागतं. वीज, उष्णता आणि खारी हवा. एकेक करून बघू.

आधी विजेचं बघा

गेमिंग लॅपटॉपचे ॲडॅप्टर साधारण १८० ते ३३० वॅटचे असतात. त्यावर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. याचा अर्थ व्होल्टेज कमी-जास्त झालं तर तो बऱ्यापैकी सांभाळून घेतो. वेगळ्या स्टॅबिलायझरची सहसा गरज नसते. धोका असतो तो वीज परत येताना किंवा जवळपास वीज कडाडल्यावर येणाऱ्या अचानक झटक्याचा.

त्यासाठी चांगला स्पाइक गार्ड लावा. पण तो काम करतो अर्थिंगच्या जोरावर. घराला अर्थिंगच नसेल तर तो अर्धाच उपयोगाचा.

हे ओळखायची एक खूण आहे. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं का? होत असेल तर बहुतेकदा अर्थिंग नीट नाही. ॲडॅप्टरमधून निघणारा अगदी बारीक करंट जमिनीत जायला हवा, तो तुमच्या हातातून वाट शोधतोय. अशा वेळी तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये खुपसू नका. वायरमनला बोलवा. लॅपटॉपच्या किमतीपुढे त्याची मजुरी काहीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, यूपीएस घ्यावा का? घ्या, पण लॅपटॉपसाठी नको. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. ३३० वॅटचा ॲडॅप्टर आणि वर मॉनिटर लावला की तो काठावर येतो. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस आहे. म्हणून यूपीएसवर फक्त मॉनिटर आणि वायफायचा राउटर लावा. दोन्ही मिळून ४०-५० वॅटच्या आसपास खातात, म्हणजे छोटा यूपीएससुद्धा बराच वेळ तग धरतो. घरात इन्व्हर्टर असेल तर तो प्युअर साइन वेव्हचा आहे का, तेवढं बघून घ्या.

मे महिन्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात विजांचा कडकडाट जास्त असतो. तेव्हा प्लग काढून ठेवणं हाच खरा उपाय. राउटरकडून येणारी तांब्याची लॅन केबलसुद्धा काढा, कारण झटका तिच्यातूनही येऊ शकतो. फायबरच्या तारेतून वीज वाहत नाही, पण राउटरचा ॲडॅप्टर विजेवरच चालतो, हे विसरू नका.

बॅटरी ८० टक्क्यांवर ठेवा, पण कायम नाही

डेस्कटॉपसारखा वापर म्हणजे दिवसरात्र चार्जिंगला जोडलेलं मशीन. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी मानवत नाहीत. सतत १०० टक्के भरलेलं राहणं आणि उष्णता. गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन्ही एकदम मिळतात. मग वर्ष-दोन वर्षांत बॅटरी दमते, कधी फुगते आणि टचपॅड वर उचलला जातो. असं दिसलं की लॅपटॉप लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि बॅटरी बदलून घ्या. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची तर अजिबात नाही.

हे टाळायला असुस, लेनोव्हो, एसर, डेल अशा बहुतेक कंपन्यांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंगची मर्यादा लावता येते. ती ८० टक्क्यांवर ठेवा.

पण किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एक जोड द्यावी. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला की मर्यादा काढून बॅटरी १०० टक्के भरून घ्या. मोबाईल आणि पॉवर बँक भरता तेव्हाच हेही करा. अलर्ट टळला की परत ८०.

बॅटरीवर गेम चालेल ही आशा मात्र ठेवू नका. मोठ्यात मोठ्या लॅपटॉपची बॅटरीसुद्धा १०० वॅट-तासाच्या आतच असते, कारण त्याहून मोठी बॅटरी विमानात न्यायला अडचण येते. ९० वॅट-तासाच्या बॅटरीतून २०० वॅट ओढले तर ती अर्ध्या तासाच्या आत संपेल. म्हणून प्लग काढला की लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो. लिखाण, मेल अशा २० वॅटच्या कामाला मात्र तीच बॅटरी चार तास पुरते.

मॉनिटर कुठल्या पोर्टला?

अनेक लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट थेट ग्राफिक्स कार्डाला जोडलेलं असतं, तर एखादं टाइप-सी पोर्ट प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्समधून जातं. मॉनिटर चुकीच्या पोर्टला लावला तर गेम अडखळतो आणि दोष मॉनिटरला दिला जातो. आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघून पोर्ट ठरवा. टाइप-सीवरून चार्जिंग होत असेल तर ऑफिसच्या कामाला ते पुरतं. जड गेमला किंवा रेंडरिंगला मात्र मूळ ॲडॅप्टरच हवा.

मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि अंतर हातभर ठेवा. कीबोर्ड-माऊस वेगळे घ्या, म्हणजे लॅपटॉप बाजूला स्टँडवर राहील आणि गरम कीबोर्डवर बोटं भाजणार नाहीत.

झाकण उघडं की बंद?

पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपणार नाही अशी सेटिंग करता येते. दिसायलाही छान दिसतं. पण अनेक गेमिंग लॅपटॉप कीबोर्डच्या फटींतूनही हवा घेतात आणि उष्णता सोडतात. झाकण बंद केलं की ती उष्णता स्क्रीनवर बसते. म्हणून जड काम करताना झाकण उघडं ठेवा आणि लॅपटॉपची स्क्रीन सेटिंगमधून बंद करा. मागची बाजू दोन-तीन इंच उचललेली असली की खालून हवा मिळते. पलंग, गादी, सतरंजी यांवर ठेवणं म्हणजे पंख्याचं नाक दाबणं.

आता खरा शत्रू, खारी हवा

पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ ओलं होतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात असेच मिठाचे बारीक कण असतात. पंखा ते हवेबरोबर आत ओढतो आणि ते सर्किट बोर्डवर बसतात. उन्हाळ्यात ते नुसती धूळ असतात. पावसाळा आला की त्याच धुळीचं खारं पाणी होतं. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, शिवाय धातूही गंजतो. काल चालू असलेला लॅपटॉप आज अचानक सुरूच होत नाही, त्यामागे अनेकदा हे असतं.

यावर करायचं काय?

पहिलं, जागा. समुद्राकडच्या खिडकीत किंवा पडवीत टेबल लावू नका. जुन्या घरात माजघराची जागा बरी. ओल आलेल्या भिंतीपासून टेबल थोडं पुढे घ्या. कौलारू घर असेल तर वर गळत नाही ना, हे पहिल्या पावसातच बघून घ्या.

दुसरं, मशीन रोज वापरा. चालू लॅपटॉप आतून गरम असतो, त्यामुळे आत दमटपणा कमी राहतो. महिनाभर कपाटात बंद पडलेल्या मशीनला धोका जास्त. गावाला जाणार असाल तर सिलिका जेलच्या पुड्या घालून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि मध्येमध्ये पुड्या बदला.

तिसरं, एसी. पावसाळ्यात कोकणातल्या हवेत इतकी वाफ असते की २४-२५ अंशांच्या थंड वस्तूवरही दव धरू शकतं. एसी २० वर लावून रात्रभर झोपलात, लॅपटॉप बंदच होता आणि सकाळी खिडक्या सताड उघडल्या, तर गार ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं तसं लॅपटॉपच्या आतही सुटू शकतं. म्हणून एसी २६ च्या आसपास ठेवा आणि खिडकी उघडल्यावर लगेच लॅपटॉप सुरू करू नका. अर्धा-पाऊण तास त्याला खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

चौथं, सफाई. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, आतली धूळ काढून घ्या. स्वतः उघडायचा तर आधी वॉरंटीच्या अटी वाचा.

घेण्याआधी दुकानदाराला विचारा

घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी आपल्या पिनकोडला लागू आहे का? नसेल तर दर वेळी मशीन घेऊन पनवेल किंवा मुंबई गाठायची तयारी ठेवा. पाणी गेल्यानं किंवा गंजल्यानं झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही. त्यासाठी वेगळं संरक्षण मिळतं का आणि त्यात नेमकं काय येतं, हे लेखी घ्या.

आणि महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, शक्यतो दुसऱ्या घरात. मशीन हप्त्यावर परत घेता येतं, लग्नाच्या शूटिंगचं फुटेज परत घेता येत नाही.

मग घ्यायचा का?

तुम्ही दिवसातले आठ-दहा तास जड रेंडरिंग करत असाल, घरात चांगलं अर्थिंग आणि मोठा इन्व्हर्टर असेल, तर डेस्कटॉपच घ्या. तेवढ्या पैशात ताकद जास्त मिळते. पण काम, गेम आणि मधूनच मुंबईची फेरी असं मिश्र गणित असेल, तर किनाऱ्यावर गेमिंग लॅपटॉप हा शहाणपणाचा डेस्कटॉप आहे.

फक्त बजेट करताना सगळे पैसे ग्राफिक्स कार्डावर उधळू नका. स्पाइक गार्ड, छोटा यूपीएस, स्टँड, बॅकअपचा ड्राइव्ह आणि वायरमनची मजुरी एवढं आधी बाजूला काढा. उरलेल्या पैशात जो लॅपटॉप बसेल, तो तुमचा.